ताटात जेवावं, कणगीत साठवावं

बाळा, परवा फोनवर म्हणालास, "आत्या, दुधाची फाइल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो." तेव्हाच ओळखलं की त्या फाइलची वेळ भरली. एकतीस वर्षं मी दूध संघाच्या हिशेब विभागात काढली. खतावणीत बोटं काळी केली, एक्सेलमध्ये डोळे घालवले आणि शेवटची काही वर्षं डेटाबेसवर जरा सुखाची झोप घेतली. खाली ज्या ज्या चुकांपासून तुला हटकलंय, त्यातली जवळजवळ प्रत्येक मी करून बसलेली आहे, काही तर दोनदा. तेव्हा हसू आलं तर हस, पण कागद फाडू नकोस.

१. आधी गणित मांड, मग हत्यार निवड – २०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, म्हणजे रोजच्या ४०० ओळी आणि वर्षाच्या १,४६,०००. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे एका संस्थेला सात वर्षं पुरेल. तुझ्याकडे अशा बारा संस्था आहेत म्हणालास, तर सात महिने.

२. ओळी मोजून झाल्या की हात मोज – लाख ओळींवर एकटाच बसलेला असशील तर निभावतं, पण शंभर ओळींवर चौघं लिहीत असतील तर रोजची कटकट. एका तव्यावर चार उलथनी, भाकरी कुणाचीच नाही.

३. मग मागणी मोज: पाच वर्षांपूर्वीची एखादी नोंद उद्या कुणी मागणार आहे का? मागणार असेल तर ती शीटवर सोडू नकोस – शीटमधला आकडा कुणाचा कोपर लागूनही बदलतो, आणि बदलला हे त्या कोपरालासुद्धा कळत नाही.

४. ताटात जेवावं, कणगीत साठवावं – शीट म्हणजे ताट. समोर ओढ, कालव, चव घे, आलेख काढ, संचालकांना दाखव, बाजूला सार. डेटाबेस म्हणजे कणगी. तिच्यात मापानं ओतायचं, मापानं काढायचं, आणि सुपारी शोधायला कुणी आत हात घालायचा नाही.

५. तरी ताटाला नावं ठेवू नकोस – लग्नाची आमंत्रणं, घराच्या रंगकामाचा खर्च, तीनशे ओळींची सभासद यादी यांना डेटाबेस लावणारा माणूस डास मारायला कुऱ्हाड घेऊन बसतो. मी निवृत्तीनंतर मसाल्याचा हिशेब डेटाबेसमध्ये घातला होता. तुझ्या काकांनी आठवडाभर मीठ मागायला अर्ज दिला.

आता माझी जुनी गोष्ट ऐक, म्हणजे पहिल्याच मुद्द्यावर मी एवढी का अडून बसते ते कळेल.

तेव्हाच्या एक्सेलमध्ये एका शीटला ६५,५३६ च ओळी असायच्या. दहा लाखांची चैन २००७ च्या आवृत्तीपासून आली. दिवाळी तोंडावर होती आणि दूध फरक काढायचा होता. तुला माहीतच आहे, दूध फरक म्हणजे वर्षभर घातलेल्या प्रत्येक लिटरमागे काही पैसे, सगळं गाव त्याच्यावर दिवाळीचे कपडे ठरवतं. संस्थेकडून वर्षाची मजकुराची फाइल आली, मी ती एक्सेलमध्ये उघडली. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की फाइल पूर्ण आत आली नाही. मी घाईत होते, ओके दाबलं. रोजच्या ४०० ओळींच्या हिशेबानं एप्रिलपासूनचं दूध सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. पुढचं सगळं दूध हवेत विरलं, आणि शीट दिसायला इतकी नीटनेटकी की मलाच माझं कौतुक वाटलं.

पकडलं कुणी? एका म्हशीच्या मालकिणीनं. बाईंना सही येत नव्हती, पण वर्षाचे लिटर तोंडपाठ. दुधाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ताई, माझी म्हैस दसऱ्याआधीच आटली होय?" त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत फरक पुन्हा काढला.

मला वर्षानुवर्षं वाटायचं की असला गाढवपणा करणारी मी एकटीच. मग २०२० साल आलं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागात करोनाचे निकाल एक्सेलच्या त्याच जुन्या साच्यात भरले जात होते, ओळी संपल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजायचे राहिले. त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांना शोधायला उशीर झाला तो वेगळाच. माझ्या चुकीत दिवाळीचे कपडे होते, तिथे माणसं होती.

६. म्हणून मशीन काही म्हणालं तर वाचल्याशिवाय ओके दाबू नकोस – वाचायला चार सेकंद लागतात, निस्तरायला दीड वाजतो.

७. आत ओतण्याआधी ओळी मोज, ओतल्यावर पुन्हा मोज, आणि सोबत लिटरची बेरीज जुळव – ओळींचा आकडा जुळून बेरीज चुकते, बेरीज जुळून ओळी चुकतात, पण दोन्ही एकदम सहसा खोटं बोलत नाहीत.

शीट लगेच सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. तोवर या काही सवयी लाव.

८. कोड आणि खाते क्रमांक लिहिण्याआधी तो स्तंभ मजकूर म्हणून ठरवून टाक – नाहीतर ००४७ चं ४७ होतं, आणि सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे लक्षात ठेवतं. बारा आकडी आधार क्रमांक तर ई आणि अधिकच्या चिन्हासकट असा काही दिसतो की वाटावं रॉकेट सोडायचंय.

९. फॅट ३.५ लिहिताना बोट घसरून ३-५ झालं तर ती ३ मे होते, तेव्हा तारखेच्या स्तंभाबाहेर तारखा दिसतात का ते आठवड्याला एकदा बघ – ही खोड इतकी जुनी आहे की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये हात टेकले. मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची लघुनावं शीटमध्ये तारखा व्हायची, म्हणून त्यांनी नावंच बदलली. सून घरात आली की तिचंच नाव बदलतात ना, तसं. सासूबाई एक्सेल होत्या तशाच राहिल्या. पुढं २०२३ मध्ये ही खोड बंद करायची सोय दिली म्हणा.

१०. क्रम लावताना सगळं कोष्टक निवड, एक स्तंभ नको – एक्सेल विचारतं, आपण घाईत भलतंच दाबतो, आणि नावं जागची हलतात पण लिटर तिथेच राहतात. मी एकदा सरपंचांच्या नावावर शेजारच्या शेळीवाल्याचं दूध घातलं होतं. दोघंही महिनाभर गप्प, एक लाजेनं आणि एक आनंदानं.

११. व्हीलुकअप लिहिलंस तर शेवटी फॉल्स लिहायला विसरू नकोस – ते सोडलं की ते "जवळचं" शोधतं. दरपत्रकात जवळचं चालतं, माणसाच्या कोडात जवळचं म्हणजे शेजाऱ्याच्या खात्यात पैसे. नव्या एक्सेलमधला एक्सलुकअप या बाबतीत शहाणा आहे, तो न सांगताच नेमकं शोधतो.

१२. बेरजेचं सूत्र कुठून कुठपर्यंत आहे ते कडेला बोट ठेवून बघ – दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांच्या कर्जावर निबंध लिहिला, त्यांच्या सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये ते एका विद्यार्थ्यानं शोधलं. पाच देश सुटतात, मग यादीच्या खाली नवीन लिहिलेले पाच उत्पादक सुटायला काय?

१३. रंगाला अर्थ देऊ नकोस, त्यासाठी वेगळा स्तंभ कर – पिवळा म्हणजे थकबाकी हे तुला माहीत आहे, तुझ्या जागी येणाऱ्याला नाही, आणि डेटाबेस तर जन्मापासून रंगांधळा.

१४. खाने एकमेकांत जोडू नकोस, मध्येच बेरजेची ओळ घालू नकोस, महिन्याला नवा स्तंभ काढू नकोस – एक दूध, एक वेळ, एक ओळ. दिसायला लांबलचक होतं, पण उद्या कणगीत ओतताना दाणा दाणा वेगळा मिळतो.

१५. फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर फिरू देऊ नकोस – आमची एक नक्कल शीतकरण केंद्रावर आणि एक मुख्य कचेरीत होती, दोन्हीकडे रोज प्रामाणिकपणे काम चालायचं आणि महिनाअखेरीला दोन वेगवेगळी दुधं निघायची. गूगल शीट्समध्ये चौघं एकदम लिहू शकतात आणि जुनी आवृत्ती परत काढता येते, तेवढ्यानंही पुष्कळ भांडणं मिटतात. पण तिथे एका फाइलला एक कोटी खान्यांची मर्यादा आहे: वीस स्तंभ ठेवलेस की पाच लाख ओळींत भिंत लागली.

बरं, आता कणगीकडे. डेटाबेस म्हटलं की तुझ्या पिढीला वाटतं काहीतरी अमेरिकन आहे. खरं आहे अर्धं. एडगर कॉड नावाच्या गणितज्ञानं आयबीएममध्ये असताना १९७० साली त्याची मांडणी केली: माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवा आणि सामाईक क्रमांकानं जोडा. पण मला ती समजली आपल्या तलाठ्याच्या दप्तरातून. आबांबरोबर उतारे काढायला जायचे ना, तेव्हा.

बघ कसं आहे ते. गाव नमुना ७ वर एका गटाची मालकी, क्षेत्र, बोजे. नमुना १२ वर त्याच गटातली पिकं. नमुना ८-अ वर एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र. नमुना ६ म्हणजे फेरफाराची वही: कोण वारलं, कुणी विकलं, कुणाचं नाव कधी लागलं. माणसाचा सगळा संसार एकाच कागदावर कोंबलेला नाही. गट नंबर, खाते नंबर आणि फेरफार नंबर हे तीन दोरे धरले की हवं ते चित्र उभं राहतं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे, जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. सत्तर वर्षांनी भावकीतला कुणी कोर्टात गेला की त्या कंसातलं नाव साक्षीला उभं राहतं. शीटमध्ये जुनं नाव पुसून नवं लिहिणाऱ्यानं एकदा तलाठ्याच्या दप्तराला नमस्कार करून यावं.

१६. म्हणून तुझेही तक्ते वेगळे कर: उत्पादक एका तक्त्यात, संस्था दुसऱ्यात, रोजचं संकलन तिसऱ्यात, दरपत्रक चौथ्यात – माणसाचा मोबाइल बदलला तर एका जागी बदलायचा, दीड लाख ओळींत नाही.

१७. माणूस कोडानं ओळख, नावानं नको – आमच्या एका गावात नाव, बापाचं नाव, आडनाव तिन्ही सारखी असलेले दोघे होते. गाव त्यांना वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा म्हणे, पण संगणकाला आळी कुठून कळणार?

१८. एकदा दिलेला कोड मेलेल्या माणसाचाही दुसऱ्याला देऊ नकोस, त्याला "बंद" आणि तारीख लाव – हाच तो कंस.

१९. नसलेल्या कोडावर दूध पडू देऊ नकोस; तक्त्यांची जोडणी बांधताना ही राखण डेटाबेसलाच सांग – माणूस दमतो, राखणदार दमत नाही. एसक्यूलाइटमध्ये मात्र ही राखण सहसा आपण होऊन चालू नसते, प्रत्येक जोडणीत चालू करावी लागते. मला हे चार महिन्यांनी कळलं, तोवर कोड ९९९९ वर भरपूर दूध साठलं होतं.

२०. दरपत्रकाला "लागू दिनांक" असा स्तंभ दे, आणि बिल झालं की त्या दिवसाचा दर आणि रक्कम संकलनाच्या ओळीतच लिहून टाक – मी शीटमध्ये दर एका खान्यात ठेवून सगळी सूत्रं त्याच्याकडे वळवली होती. दर वाढला, मी तो खाना बदलला, आणि मागच्या पाच महिन्यांची वाटून झालेली बिलंही क्षणात वाढली. लेखापरीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, तरी ती तशीच होती. जुनं बिल म्हणजे वाळलेलं शेण, त्याला आता आकार देऊ नये.

२१. पैसे पैशांत मोज, किंवा दशांशाचा नेमका प्रकार निवड – तरंगत्या दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकाला नेमकी ०.३ येत नाही. एका ओळीला कळत नाही, दीड लाख ओळींना कळतं.

२२. नावं जुन्या फॉन्टमधली असतील तर आधी युनिकोड करून घे – त्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण पोटात असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर पाटीलबुवा चिनी शिव्या दिल्यासारखे दिसतात, आणि शोध घेतलास तर सापडत नाहीत. सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ निवडायचं, हेही लक्षात ठेव.

कुठला डेटाबेस, हे विचारू नकोस असं म्हणणार होते, पण विचारशीलच.

२३. एकटा असशील तर एसक्यूलाइट घे – सगळं एका फाइलमध्ये, वेगळा सर्व्हर नको, पैसे नकोत. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा प्रकार तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आत्ताही चालू आहे. फक्त ती फाइल कचेरीच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून चौघांना लिहायला देऊ नकोस, तिला एका वेळी एकच लेखणी सोसते.

२४. बाराही संस्थांवरून एकदम लिहायचं असेल तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी – दोन्ही फुकट आहेत, पण सांभाळणारा माणूस लागतो. म्हैस दान मिळाली तरी वैरण आपली. ॲक्सेस घरगुती वाटतो, आणि आहेही चांगला, पण त्याची फाइल २ जीबीवर अडते.

२५. शोधाच्या वाटेवर अनुक्रमणिका बांध, म्हणजे कोडावर आणि तारखेवर – ती नसेल तर एका बाईंचं दूध शोधायला डेटाबेस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या गावाचं दूध हुंगतो. पण प्रत्येक स्तंभावर बांधू नकोस, मग प्रत्येक नवी ओळ लिहिताना त्या सगळ्या वह्या त्याला अद्ययावत कराव्या लागतात.

२६. बदल करण्याआधी त्याच अटीनं नुसतं बघ, किती ओळी येतात ते मोज, मगच बदल – इथे कंट्रोल झेड नाही. मी एकदा अपडेट लिहिताना व्हेअर लिहायची विसरले आणि एका सेकंदात सगळ्या तालुक्याच्या म्हशींच्या गाई केल्या. व्यवहार उघडून काम कर, पटलं तर पक्कं कर, नाही पटलं तर माघारी घे.

२७. बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीनं काढ, चालू फाइल नुसती कॉपी करू नकोस, आणि महिन्यातून एकदा बॅकअप खरंच उघडून बघ – न चाखलेलं लोणचं बरणीत छान दिसतं, बुरशी झाकणाखाली असते.

२८. कणगीतून वाढायला ताटच लागतं हे विसरू नकोस – एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीनं डेटाबेसमधून हवं तेवढंच ओढ, संचालकांना तेच दाखव. त्यांना तक्ते दाखवलेस तर ते चहा मागतील, आलेख दाखवलास तर प्रश्न विचारतील.

२९. नवीन घरात गेलास तरी जुन्याला लगेच कुलूप लावू नकोस. दहा दिवसांची दोन बिलं दोन्हीकडे काढ आणि पैशापर्यंत जुळव – तिसऱ्या बिलाला जुनी शीट फक्त वाचण्यापुरती ठेव, आणि चावी तुझ्याकडे. नाहीतर कुणीतरी "सवयीनं" तिच्यातच लिहीत बसतो. आमच्याकडे तो कुणीतरी मीच होते.

३०. आणि हे सगळं ओळीनं एका कागदावर लिहून फाइलला लाव: कुठला तक्ता कशाचा, कोडाचा अर्थ काय, बॅकअप कुठे – तू रजेवर गेलास की लोक मला फोन करतात, आणि माझी मालिका साडेसातला असते.

रविवारी येतोस ना? येताना त्या बारा संस्थांच्या फाइली घेऊन ये, एकसुद्धा साफ न करता, आहेत तशा. पहिल्यांदा आपण दोघं नुसत्या ओळी मोजू. गोठ्यातली तांबडी व्यालीय, चीक काढून ठेवलाय, खरवस दुपारपर्यंत होईल. वेलदोडे तेवढे तुझ्याकडचे आण, इथले संपलेत.